संदमक द्रव्ये, गिटार-ध्वनिक्षेपक पेटीतील

विद्युत् गिटारीचा ध्वनिक्षेपक ज्या लाकडी पेटीत बसविलेला असतो, तिच्या आतील बाजूंना लावलेली अथवा तिच्या पोकळीत भरलेली तंतुमय किंवा सच्छिद्र द्रव्ये. काचलोकर, खनिज लोकर, पॉलिएस्टर तंतूंची गादी, लोकरी नमदा व खुल्या कोशिकांचा फेस ही या प्रकारची प्रमुख द्रव्ये होत. पोकळीतील हवेच्या कंपनांची ऊर्जा शोषून तिचे अल्पशा उष्णतेत रूपांतर करणे हे त्यांचे कार्य असून या क्रियेस संदमन म्हणतात. घरगुती संगीतश्रवणासाठी वापरल्या जाणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या पेट्यांत अशी द्रव्ये जवळजवळ नेहमीच असतात. याउलट गिटारीच्या बहुसंख्य पेट्या उघडून पाहिल्यास आत नुसते लाकूड दिसते. याला काटकसर हे एक कारण असले, तरी मुख्य कारण ते नव्हे. दोन्ही पेट्यांचे प्रयोजनच भिन्न आहे आणि संदमक द्रव्य घालावे की नाही, हा प्रश्न त्या प्रयोजनाच्या संदर्भातच सुटू शकतो.

पोकळीतील ध्वनी : ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी पेटीतील हवा विरळ होते. म्हणजे शंकू जितका ध्वनी श्रोत्याकडे पाठवितो जवळजवळ तितकाच तो पेटीच्या आत पाठवितो. आत गेलेला ध्वनी लाकडी भिंतींवरून परत फिरतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याइतके किंवा त्याच्या पूर्ण पटीत असेल, तेव्हा जाणारा व येणारा तरंग मिळून स्थिर तरंग तयार होतो आणि त्या कंप्रतेला पोकळी अनुस्पंदित होते.

बाजारात सर्वाधिक परिचित असलेली मार्शल कंपनीची चार ध्वनिक्षेपकांची बंद पेटी उदाहरणादाखल घेता येईल. तिची बाहेरील मापे सु. ७७ × ७५·५ × ३६·५ सेंमी. आहेत. आतील रुंदी ७३ सेंमी. आणि हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मी. धरल्यास रुंदीच्या दिशेतील पहिला स्थिर तरंग सु. २३५ हर्ट्‌झला येतो. आतील खोली ३० सेंमी. धरल्यास त्या दिशेतील पहिला तरंग सु. ५७० हर्ट्‌झला येतो. नेहमीच्या स्वरमेळातील गिटारीची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्‌झला बोलते, तर बावीस पडद्यांच्या गिटारीवरील सर्वांत वरचा स्वर सु. १,१७५ हर्ट्‌झचा असतो. अर्थात पेटीची ही अनुस्पंदने वाद्याच्या ऐन स्वरक्षेत्रातच पडतात. ती टाळण्याची सोय आकारमान बदलूनही होत नाही. पेटी लहान केली, तर ती वरच्या बाजूस सरकतात, एवढेच.

याखेरीज आणखी एक घटना घडते. शंकूचा कागद पातळ असल्यामुळे मागील फळीवरून परतलेला ध्वनी त्यातून काही अंशी आरपार बाहेर येतो. ३० सेंमी. खोलीच्या पेटीत या ध्वनीला जाऊन येऊन ६० सेंमी. अंतर कापावे लागते, त्यामुळे तो मूळ ध्वनीच्या सु. १·७५ मिलिसेकंद मागून येतो. काही कंप्रतांना त्याची मूळ ध्वनीत भर पडते, तर काहींना वजावट होते. कानाला हा विलंब प्रतिध्वनी म्हणून जाणवत नाही. ध्वनी ‘डब्यातून’ येत असल्याचा जो भास होतो, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

द्रव्याची क्रिया : तंतूंच्या दाट जाळ्यातून हवेचे कण पुढेमागे हलू लागले की श्यानतेमुळे त्यांना घर्षणाचा विरोध होतो आणि त्यांची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. शोषण होण्यास हवा हलली पाहिजे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. कठीण भिंतीला लागून असलेली हवा हलू शकत नाही. तेथे दाब महत्तम असतो, पण कणांचा वेग शून्य असतो. वेग महत्तम होतो तो भिंतीपासून पाव तरंगलांबीच्या अंतरावर. म्हणून भिंतीला चिकटविलेला पातळ थर हा शोषणाच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल जागी लावलेला असतो. १,००० हर्ट्‌झला पाव तरंगलांबी ८·६ सेंमी., २५० हर्ट्‌झला सु. ३४ सेंमी. आणि ८० हर्ट्‌झला १ मी.हून अधिक भरते. थराची जाडी तरंगलांबीच्या दशांशाच्या आसपास असली की बऱ्यापैकी शोषण सुरू होते, असा एक ढोबळ हिशेब करतात. त्यानुसार २·५ सेंमी. जाडीची गादी सु. १,४०० हर्ट्‌झच्या वरच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. त्याखाली तिचे अस्तित्व झपाट्याने नगण्य होत जाते. तोच थर भिंतीपासून चार-पाच सेंमी. पुढे ताणून बसविला, तर त्याचा प्रभाव बराच खालपर्यंत पोहोचतो. पोकळीचा मध्य भरल्यास तो त्याहूनही खाली जातो.

यावरून एका सार्वत्रिक गैरसमजाचे निरसन होते. पेटीला आतून अस्तर लावल्याने खर्जाची ‘घुमघुम’ जाते असे अनेक वादक मानतात. परंतु १०० हर्ट्‌झच्या आसपासची घुमघुम अशा अस्तराला दादच देत नाही. ती सहसा खोलीच्या कोपऱ्यामुळे, पेटी पोकळ लाकडी रंगमंचावर ठेवल्यामुळे किंवा पेटी व शंकू यांच्या एकत्रित अनुस्पंदनामुळे निर्माण होते.

द्रव्याची दुसरी क्रिया उष्मीय आहे आणि तिला मोठा इतिहास आहे. ध्वनीचा वेग गणिताने काढताना न्यूटन यांनी १६८७ मध्ये हवेचे संकोचन व प्रसरण एकाच तापमानास होते असे गृहीत धरले. त्यामुळे त्यांचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा सु. १५ टक्क्यांनी कमी आले. संकोचन इतके जलद होते की उष्णतेला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही, हे लाप्लास यांनी १८१६ मध्ये दाखवून ही तफावत दूर केली. पेटीत तंतू भरले म्हणजे परिस्थिती पुन्हा न्यूटन यांच्या गृहीताकडे झुकते. दाबलेल्या हवेची उष्णता तंतू घेतात व विरळ होताना परत देतात. परिणामी हवा अधिक मऊ स्प्रिंगसारखी वागते आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी भासते. सैद्धांतिक दृष्ट्या ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात तिच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ झाले.

तिचा परिणाम किती, हे एका कल्पित उदाहरणावरून दिसेल. ७५ हर्ट्‌झ मूळ अनुस्पंदन असलेला आणि ८० लिटर हवेइतकी लवचिकता असलेला ध्वनिक्षेपक ४० लिटरच्या बंद पेटीत बसविला असता पेटीतील अनुस्पंदन ७५ × √(१ + ८०/४०), म्हणजे १३० हर्ट्‌झ होते. तंतू भरून पेटीचे परिणामी घनफळ ४८ लिटर झाले, तर ते सु. १२२ हर्ट्‌झवर येते. सांगीतिक भाषेत हा फरक जेमतेम एका अर्धस्वराचा आहे. एवढ्यासाठी दर लिटरला ८ ते १६ ग्रॅम या प्रचलित प्रमाणाने ३२० ते ६४० ग्रॅम तंतू पेटीत कोंबणे कितपत किफायतशीर, हा प्रश्नच आहे.

फळ्यांचे संदमन : पोकळीतील हवेचे संदमन आणि पेटीच्या फळ्यांचे संदमन या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची वारंवार गल्लत केली जाते. काचलोकरीने फळीचे थरथरणे थांबत नाही. ती फळीच्या मानाने फारच हलकी असते. त्यासाठी डांबरमिश्रित जड पत्रे फळीला चिकटवितात किंवा आडवे आधार देतात. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या संशोधन विभागातील हार्वुड व मॅथ्यूज यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पातळ फळ्यांवर असे थर देण्याच्या पद्धतीचा पद्धतशीर विचार आढळतो. गिटारीच्या पेटीत मात्र फळीचे कंपन बहुधा मुद्दाम राखलेले असते. मार्शलच्या पेटीत पुढच्या व मागच्या फळीमध्ये एक लाकडी खांब असतो, त्यापलीकडे सु. १८ मिमी. जाडीचे बर्चचे प्लायवुड मोकळेच सोडलेले असते.

हाय-फाय पेटीची परंपरा : चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चल-वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून शंकूच्या मागील ध्वनीचे काय करावयाचे हा प्रश्न अभियंत्यांपुढे होता. अमेरिकेत केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील अकूस्टिक रिसर्च या कंपनीसाठी एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये लहान बंद पेटीचा जो ध्वनिक्षेपक तयार केला, त्यात पेटीतील हवा हीच शंकूची मुख्य स्प्रिंग होती आणि पेटी काचतंतूंनी भरलेली होती. या यशानंतर बंद पेटी म्हणजे भरलेली पेटी, हे समीकरण रूढ झाले. त्यामागील भूमिका स्पष्ट होती : ध्वनिमुद्रिकेत जे आहे तेवढेच श्रोत्याच्या कानी पडावे, पेटीने स्वतःचे काहीही बोलू नये.

गिटार-पेटीचे वेगळेपण : विद्युत् गिटारीच्या बाबतीत ही भूमिका लागू पडत नाही. तिचे लाकडी अंग बहुधा भरीव असते आणि तारांचा स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतही जाणार नाही इतका क्षीण असतो. सतारीत भोपळ्याचे किंवा साध्या गिटारीत पोकळ खोक्याचे जे काम आहे, ते येथे विवर्धक, ध्वनिक्षेपक व पेटी मिळून करतात. ध्वनिक्षेपक ध्वनीचे पुनरुत्पादन करीत नाही, तर तो पहिल्यांदाच निर्माण करतो. सतारीच्या भोपळ्यात कापूस भरावा असे कोणाला सुचत नाही. गिटारीची पेटी रिकामी राहिली तीही याच न्यायाने.

या पेटीचा विकासही हाच क्रम दाखवितो. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या विवर्धकांत १९५० नंतरच्या दशकात ध्वनिक्षेपक मागून उघड्या पेटीत बसविलेले असत. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणारे जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये फेंडरच्या बासमन विवर्धकावर आधारलेला आपला विवर्धक तयार करविला, पण त्याला जोड दिली ती चार ध्वनिक्षेपकांच्या बंद पेटीची. त्या वेळी उपलब्ध असलेले सेलेस्टियन कंपनीचे ३० सेंमी. व्यासाचे ध्वनिक्षेपक प्रत्येकी केवळ १५ वॉट शक्तीचे होते. चार वापरल्याने भार विभागला गेला आणि बंद पेटीतील हवेने शंकूंची बेसुमार हालचाल आवरली. या पेटीत कोणतेही अस्तर नव्हते. पुढील काळात रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रणांतून जगाने जो गिटारीचा आवाज ऐकला, त्यात या रिकाम्या पेटीचा आवाज मिसळलेला आहे. आज एखादा वादक ‘तोच’ आवाज शोधतो तेव्हा तो नकळत पेटीच्या स्थिर तरंगांसकट तो मागत असतो.

निर्वात नलिकांच्या विवर्धकामुळे प्रश्नाला आणखी एक बाजू मिळते, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ट्रँझिस्टरयुक्त हाय-फाय विवर्धकाचा अंतर्गत संरोध अत्यल्प असल्यामुळे शंकू अनुस्पंदनाच्या वेळी मोकाट सुटत नाही. विवर्धकच त्याला विद्युतीय रीत्या धरून ठेवतो. नलिकांच्या गिटार-विवर्धकाचा अंतर्गत संरोध ध्वनिक्षेपकाच्या संरोधाइतका किंवा त्याहूनही अधिक असतो, त्यामुळे ही पकड ढिली पडते. तळच्या अनुस्पंदनाचा उंचवटा मग ठळकपणे वर येतो. तळहाताने तारा दाबून केलेल्या आघातांना जो भरदार धक्का मिळतो, त्यात या उंचवट्याचा मोठा वाटा आहे. विद्युतीय संदमन दुर्बल असल्याने येथे यांत्रिक व ध्वनिकीय संदमनाला अधिक किंमत येते. म्हणून पूर्ण भरलेल्या पेटीने हाय-फायमध्ये जितका फरक पडतो, त्याहून अधिक फरक नलिका-विवर्धकाच्या पेटीत पडू शकतो आणि जे नाहीसे होते ते वादकाला हवेच असते. भरलेल्या पेटीचा आवाज ‘मेला’ अशी वादकांची तक्रार असते, ती केवळ कल्पना नव्हे.

मागून उघड्या पेट्या : येथे शंकूच्या मागचा ध्वनी बाहेर पडून खोलीत मिसळतो व तळच्या कंप्रतांना पुढच्या ध्वनीशी त्याची वजावट होते. बंद पोकळी नसल्याने भरण्यासारखे काही उरत नाही. तथापि उघडी पेटी ही एक आखूड, रुंद नळीच असते व तिचे स्वतःचे अनुस्पंदन साधारणतः २०० ते ३०० हर्ट्‌झच्या टप्प्यात येते. पातळ अस्तराने ते हटत नाही. मागील भिंतीपासून पेटी हातभर पुढे ओढणे हा उपाय त्यापेक्षा अधिक परिणामकारक व बिनखर्ची आहे.

उपयुक्तता : असे असले तरी संदमक द्रव्य गिटार-पेटीत सर्वस्वी निषिद्ध आहे असे नाही. एका ध्वनिक्षेपकाची लहान, उथळ व बंद पेटी हे त्याचे खरे क्षेत्र होय. खोली कमी असल्याने मागील फळीवरून परतणारा ध्वनी लवकर व जोराने येतो आणि ४०० ते १,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात आवाज नाकातून आल्यासारखा होतो. पेटी घनाकृती असेल, तर तिन्ही दिशांचे स्थिर तरंग एकाच कंप्रतेवर एकवटतात व दोष तिपटीने जाणवतो. अशा वेळी केवळ मागील फळीवर, ध्वनिक्षेपकाच्या बरोबर समोर, पाच सेंमी. जाडीची गादी लावणे बहुधा पुरेसे ठरते. बाजूच्या फळ्यांना नंतर, गरज पडल्यासच हात घालावा. गादी आधी तात्पुरती बसवून, तोच स्वरसमूह त्याच तीव्रतेने वाजवून आणि ध्वनिग्राहक त्याच जागी ठेवून तुलना करणे श्रेयस्कर असते, कारण पाठ उघडून पुन्हा मळसूत्रे आवळेपर्यंत आधीचा आवाज कानाला नेमका आठवत नाही.

मात्र कर्कशपणावर हा उपाय नव्हे. ३० सेंमी. व्यासाचा शंकू सु. १,५०० हर्ट्‌झच्या वरचा ध्वनी झोतासारखा सरळ समोर फेकतो. झोतात बसलेल्या श्रोत्याला आवाज टोचतो, तर पेटीच्या बाजूला उभ्या वादकाला तो मऊ वाटतो. हा दोष शंकूच्या पुढच्या बाजूचा असल्याने पेटीच्या आत काहीही भरले, तरी तो तसाच राहतो.

ज्या पेटीच्या पुढच्या भागात हवेसाठी छिद्र वा नळी ठेवलेली असते, तिच्या पोकळीत तंतू भरल्यास नळीतील हवेचे अनुस्पंदन बोथट होते व छिद्राचा हेतूच विफल होतो. तेथे फळ्यांना लावलेले अस्तरच काय ते चालते आणि नळीचे तोंड मोकळे ठेवावे लागते. बास गिटारीच्या पेट्यांत अस्तर अधिक आढळते. ध्वनिक्षेपक व ध्वनिग्राहक दोन्ही एकाच बंदिस्त खोक्यात कोंडून शेजाऱ्यांना त्रास न देता ध्वनिमुद्रण करण्याची जी पेटी असते, तिच्यात तर जाड थर अनिवार्यच होत, कारण तेथे ध्वनिग्राहकही पोकळीच्या आतच बसलेला असतो. अंकीय तंत्राने निरनिराळ्या विवर्धकांचे व पेट्यांचे अनुकरण करणारी उपकरणे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली. त्यांच्यासाठी वापरावयाची पेटी हाय-फायच्या नियमाने चालते. मार्शलच्या पेटीचा आवाज संकेतातच समाविष्ट असताना खऱ्या पेटीने त्यात स्वतःची भर घालणे इष्ट नसते.

द्रव्यांची निवड व धोके : काचलोकर व खनिज लोकर यांचे शोषण उत्तम असते. पॉलिएस्टरची गादी त्यांच्यापेक्षा काहीशी कमी प्रभावी असली, तरी हाताळण्यास निरुपद्रवी आहे. मेंढीची लोकर गुणाने चांगली, परंतु तिला कसर लागते. फेसाच्या बाबतीत कोशिका खुल्या आहेत की बंद, हे पाहणे आवश्यक असते. खुल्या कोशिकांच्या फेसातून फुंकर आरपार जाते. वेष्टनासाठी वापरला जाणारा बंद कोशिकांचा फेस आणि थर्मोकोल यांतून ती जात नाही व ती द्रव्ये येथे निरुपयोगी आहेत. अंड्यांच्या पुठ्ठ्यांची ख्याती मोठी आहे, पण तिला आधार नाही.

काचतंतूंनी त्वचा, डोळे व घसा चुरचुरतो, म्हणून ते हातमोजे व नाकावर फडके वापरूनच बसवितात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये काचलोकरीचा समावेश संभाव्य कर्कजनक पदार्थांत केला होता. निरोधनासाठी वापरली जाणारी काचलोकर २००१ मधील पुनर्विचारात त्या वर्गातून वगळण्यात आली. शंकूच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर पेटीतील हवा जोराने हलत असल्याने सुटे तंतू ध्वनिक्षेपकाच्या चुंबकातील अरुंद फटीत शिरण्याची भीती असते. तेथे तारेचे वेटोळे फिरत असते व एखादा कणही खरखर उत्पन्न करतो. यासाठी गादीवर झिरझिरीत कापड ताणून ते कडेने पक्के करतात. पॉलियुरेथेन फेस काही वर्षांनी ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो आणि तोही याच फटीत जातो.

विवर्धक व ध्वनिक्षेपक एकाच पेटीत असतील, तर विशेष खबरदारी घ्यावी लागते. शक्तिनलिकांच्या काचेचे तापमान २०० अंश से.च्या वर जाऊ शकते व त्यांची उष्णता बाहेर जाण्यास पेटीतील मोकळी हवा हाच मार्ग असतो. तो बुजविल्यास नलिकांचे व रोहित्रांचे आयुष्य घटते. साधा पॉलियुरेथेन फेस चटकन पेटतो आणि जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सोडतो. अशा पेटीत तो नलिकांजवळ मुळीच वापरू नये. १९७० पूर्वीच्या काही विवर्धकांत नलिकांमागील फळीवर उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टसचा पातळ थर लावलेला आढळतो. जुनी पेटी अस्तरासाठी उघडताना असा करडा, तंतुमय थर दिसल्यास तो खरवडू अथवा घासू नये.